यिर्मयाचे पाचारण

हिब्रू बायबलमधील यिर्मया या संदेष्ट्याला परमेश्वराने आपल्या कार्यासाठी बोलावून त्याच्या मुखात आपली वचने घातली, तो प्रसंग. यिर्मयाच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात तो आला आहे. यिर्मया हा हिल्कीयाचा मुलगा, यरुशलेमच्या ईशान्येस सुमारे ५ किमी.वरील अनाथोथ गावच्या याजक (पुरोहित) घराण्यातला. यहूदा या ज्यू राज्याचा राजा योशीया याच्या कारकिर्दीच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, त्याला पाचारण झाले असे ग्रंथ सांगतो. योशीयाच्या काळातील म्हणता येतील अशी वचने ग्रंथात थोडी असल्यामुळे काही अभ्यासक मात्र हे वर्ष यिर्मयाच्या जन्माचे मानतात.

आईच्या उदरात घडवण्यापूर्वीच आपण त्याला ओळखत होतो आणि राष्ट्रांसाठी संदेष्टा म्हणून नेमले होते, असे परमेश्वर त्याला सांगतो. त्यावर, आपल्याला बोलता येत नाही, आपण अजून लहान आहोत, असे म्हणून यिर्मया मागे सरतो. इस्राएलींचा पुढारी मोशे यानेही आपल्या पाचारणाच्या वेळी जीभ जड असल्याची सबब सांगितली होती आणि त्याच्या वतीने बोलायला भाऊ अहरोन मिळाला होता. यिर्मयाला असा कोणी मिळत नाही. परमेश्वर हात पुढे करून त्याच्या मुखाला स्पर्श करतो आणि आपली वचने तेथे घातल्याचे सांगतो. यशया या संदेष्ट्याच्या पाचारणातील उंच सिंहासन, सराफीम (पंख असलेले स्वर्गीय सेवक) व वेदीवरचा निखारा येथे नाही, की यहेज्केल या संदेष्ट्याला खायला दिलेली, मधासारखी गोड लागलेली लिखित गुंडाळीही नाही. एक साधा स्पर्श एवढेच येथे घडते, आणि या प्रसंगाचे खरे बळ त्या साधेपणातच आहे.

या वचनांनी उपटायचे, मोडायचे, नाश करायचा, पाडून टाकायचे, तसेच बांधायचे आणि लावायचे आहे. सहांपैकी चार क्रिया विध्वंसाच्या आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. पुढे बदामाची फांदी आणि उत्तरेकडून कललेली उकळती कढई असे दोन दृष्टान्त येतात. कढईचा रोख उत्तरेकडून येणाऱ्या अरिष्टाकडे आहे. इ. स. पू. ५८७-५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम जिंकून तेथील मंदिर जाळले.

वचने मिळाली म्हणून यिर्मयाचे जगणे सोपे झाले नाही. गप्प राहायचे ठरवले तरी ती हाडांत कोंडलेल्या अग्नीसारखी होतात, असा आकांत तो विसाव्या अध्यायात करतो. यहूदाचा पुढचा एक राजा यहोयाकीम याच्या कारकिर्दीच्या चौथ्या वर्षी त्याने ती लेखनिक बारूखाकडून गुंडाळीवर लिहवून घेतली. पुढे, नवव्या महिन्यात, राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला असताना ती वाचली जाऊ लागली, तेव्हा तीन-चार रकाने वाचून होताच तेवढा भाग चाकूने कापून शेगडीत टाकला जाई. अशी सगळी गुंडाळी जळाली. यिर्मयाने बारूखाला पुन्हा सगळे सांगितले, आणि या वेळी तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली.

ज्यू उपासनेत, मंदिराच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनापूर्वी येणाऱ्या तीन शब्बाथांपैकी (शब्बाथ म्हणजे आठवड्याचा पवित्र विश्रांतिदिन) पहिल्या शब्बाथाला पाचारणाचा हा उतारा वाचतात.