वजनाचं ऑपरेशन आणि दुसऱ्या वर्षातली सोबत

वजन कमी करण्याच्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात. उरते ती १०० ते १५० मिलिलिटर मावेल एवढी अरुंद नळी. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाचा साधारण ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करतात आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत पोट लवकर भरतं, हे खरं. पण भूक मंदावण्याचं मोठं कारण संप्रेरकांत आहे. भूक चाळवणारं घ्रेलिन मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचत असल्यामुळे ‘पुरे’ असं मेंदूला सांगणारं जीएलपी-१ जास्त प्रमाणात स्रवतं.

ही मदत पहिल्या १२ ते १८ महिन्यांत सर्वाधिक असते. बहुतेकांचं वजन याच काळात सर्वांत खाली येतं. पुढे शरीर नव्या व्यवस्थेला सरावतं, भूक थोडी परतते आणि एका वेळी खाण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणजे सवयी बसवायला दीड वर्षाची सवलत मिळते. आपल्याकडे मात्र या दीड वर्षात कौतुकाला माणसं असतात आणि ते संपलं की रुग्ण एकटा पडतो. समदुःखींच्या, म्हणजे हेच ऑपरेशन झालेल्यांच्या, गटाची खरी गरज तिथे सुरू होते.

ऑपरेशन कोणी करावं याचे निकष बदलले आहेत. अमेरिकेतल्या आणि आंतरराष्ट्रीय बॅरिॲट्रिक (वजनाची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जनांच्या संघटनांनी २०२२ मध्ये बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा) ३५ किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांसाठी, इतर आजार असोत वा नसोत, ऑपरेशनची शिफारस केली. आशियाई लोकांसाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली, कारण कमी वजनातच आपल्या पोटात चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. मात्र निकषात बसणं आणि तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तयारीची सुरुवात यकृतापासून होते. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो. लठ्ठपणात तो चरबीने सुजतो आणि दुर्बिणीतून काम करणाऱ्या सर्जनच्या वाटेत येतो. म्हणून ऑपरेशनआधी साधारण २ आठवडे ८०० ते १००० कॅलरींचा, कमी पिष्टाचा आणि भरपूर प्रोटीनचा आहार देतात. यकृतातलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आणि त्यासोबतचं पाणी आधी कमी होतं, मग चरबी. ‘आता कुठे खायला मिळणार’ म्हणून याच दिवसांत मेजवान्या झोडल्या तर ऑपरेशन अवघड होतं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी हा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं शस्त्रक्रियेच्या किमान ३ दिवस आधी थांबवावी लागतात. नाहीतर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

तंबाखूबद्दल विचारल्यावर अनेक बायका ‘नाही’ म्हणतात आणि मशेरीचा उल्लेखही करत नाहीत. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती, सिगारेट, गुटखा, सगळं किमान ६ आठवडे आधी बंद व्हायला हवं. निकोटिनमुळे जोडाकडचा रक्तपुरवठा घटतो, जखम भरायला वेळ लागतो आणि बायपासनंतर जोडावर अल्सर होतो. हा अल्सर काही वर्षांनीही होऊ शकतो, म्हणून पुन्हा सुरुवात नकोच. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनाही बायपासनंतर हेच लागू पडतं.

याच काळात, म्हणजे ऑपरेशनच्या आधीच, गटात यावं. आणि भेटायचं ते ३ महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेल्याला नव्हे, तर ३ वर्षं झालेल्याला. पहिला भारावलेला असतो. दुसऱ्याने वजन थांबताना पाहिलेलं असतं, लोंबणाऱ्या त्वचेचा त्रास भोगलेला असतो, लग्नाच्या पंगतीतला आग्रह परतवलेला असतो. घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही सोबत न्यावं. घरातल्या बाईचंच ऑपरेशन असेल तर एक गोष्ट घरच्यांसमोर आधीच ठरवून घ्यावी: पातेल्यात आणि मुलांच्या ताटात उरलेलं संपवण्याची जबाबदारी यापुढे तिची नाही.

ऑपरेशननंतरच्या आहाराच्या पायऱ्या प्रत्येक रुग्णालय थोड्या वेगळ्या आखतं. ढोबळमानाने पहिले १-२ दिवस गाळलेले पातळ पदार्थ, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत दूध, ताक, कढण, चौथ्यापर्यंत मिक्सरमधून काढलेलं, सहाव्यापर्यंत मऊ आणि मग हळूहळू नेहमीचं जेवण. सुरुवातीला सगळ्यांत कठीण जातं ते पाणी. दिवसाला दीड लिटर हवं आणि गटागटा पिता येत नाही. दर १५ मिनिटांना ३० मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या लहान मापाने दोन-तीन मापं, असं घोट घोट घेतलं की १३ तासांत दीड लिटर सहज होतं. जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास थांबावं.

प्रोटीन रोज ६० ते ८० ग्रॅम लागतं. ते कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. हिशेब मांडून पाहा: एक अंडं ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९, वाटीभर दही ५, वाटीभर घट्ट डाळ ७, शिजवलेल्या माशाचा ६० ग्रॅमचा तुकडा सुमारे १३. एवढं सगळं खाऊनही बेरीज ४० होते आणि पहिल्या महिन्यांत एवढंही पोटात जात नाही. म्हणून सुरुवातीला प्रोटीन पावडर लागते, शाकाहारी माणसाला तर अधिक काळ. वरणावरचं नुसतं पाणी प्यायल्याने प्रोटीन मिळाल्याचं समाधान तेवढं मिळतं. मऊ आहाराच्या टप्प्यात पातळसर पिठलं, मऊ अंडाभुर्जी आणि कुस्करलेलं पनीर बहुतेकांना सोसतं.

घास अडकतो तो प्रामुख्याने पोळी, पाव, चिकट भात आणि कोरडं चिकन खाताना. छातीत आवळतं, तोंडात फेसाळ लाळ येते. कारण जवळजवळ नेहमी तेच, मोठा घास आणि घाई. अशा वेळी वरून पाणी पिऊन तो ढकलू नये, पाणीही वरच तुंबतं. खाणं थांबवावं, उभं राहावं, थोडं चालावं. काही तासांनंतरही घोटभर पाणी उतरत नसेल तर रुग्णालय गाठावं.

उलट्या दिवसेंदिवस चालू राहिल्या तर धोका वेगळाच आहे. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा शरीरात जेमतेम २-३ आठवडे पुरतो. तो संपला की तोल जातो, दोन-दोन दिसतं, गोंधळल्यासारखं होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा रुग्णाला थायमिन न देता ग्लुकोजचं सलाइन लावलं तर परिस्थिती आणखी बिघडते. गावाकडच्या दवाखान्यात जावं लागलं तर ‘माझं वजनाचं ऑपरेशन झालंय, आधी थायमिन द्या’ हे वाक्य रुग्णाला आणि घरच्यांना तोंडपाठ हवं. गटाने प्रत्येक नव्या सदस्याला आधी हेच शिकवावं असं आम्हाला वाटतं.

काही लक्षणांची चर्चा गटात करायचीच नसते. पहिल्या काही आठवड्यांत नाडी १२० च्या वर, ताप, वाढती पोटदुखी किंवा डाव्या खांद्यात कळ ही जोडातून किंवा टाक्यांतून गळती झाल्याची खूण असू शकते. एकाच पोटरीची सूज किंवा अचानक लागलेली धाप म्हणजे रक्ताची गुठळी असण्याची शक्यता. व्हॉट्सॲपवर ‘कुणाला असं झालं होतं का?’ विचारण्यात गेलेला तास महागात पडतो.

गटाने नेमकं काय होतं? नियमित येणाऱ्यांचं वजन न येणाऱ्यांपेक्षा जास्त उतरतं, असं काही अभ्यासांत दिसलं आहे. पण जे येतात ते मुळातच अधिक निश्चयी असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय गटाला देता येत नाही. तरीही ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत ऑपरेशननंतर किमान २ वर्षं पाठपुरावा आणि त्यात गटाची माहिती देणं समाविष्ट आहे.

गट चालतो तो नियमांवर. एकमेकांच्या किलोंची तुलना बंद ठेवावी, कारण ती फसवी असते. १५० किलोंच्या माणसाचे ३० किलो उतरले म्हणजे २० टक्के. ९६ किलोंच्या बाईचे २४ उतरले म्हणजे २५ टक्के. कामगिरी तिची मोठी, पण हिरमुसते तीच. औषधांचे डोस एकमेकांना सांगू नयेत. स्लीव्हवाल्याचा डोस बायपासवाल्याला पुरत नाही. पावडर आणि गोळ्या विकणाऱ्याला गटात जागा नको. महिन्यातून एकदा डायटिशियनने यावं. ऑपरेशनच्या तारखा जवळ असलेल्या दोघांची जोडी लावली तर रोजचं चालणं आणि गोळ्यांची आठवण आपोआप होते.

गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही. लोह त्यापासून २ तास दूर आणि चहापासूनही लांब. बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा, नेमकी गोळ्यांचा कंटाळा आल्यानंतर उघड होते. पायाला मुंग्या येऊ लागतात तेव्हा नसांची हानी सुरू झालेली असते. शाकाहारी लोकांत तर हा साठा ऑपरेशनआधीच तोकडा असतो. वर्षातून एकदा रक्त तपासायलाच हवं.

दुसऱ्या वर्षी खाण्याची चूकही बदलते. पोळी अजून अडकते, पण चिवडा, खारी, फरसाण, बिस्किटं तोंडातच विरघळून सरळ खाली जातात. दिवसभर मूठ मूठ खाल्लेल्या या पदार्थांनी पोट भरल्याची जाणीव कधीच होत नाही. उपवासालाही हेच घडतं. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि तूप. एकादशी पाळायचीच तर दूध, दही, पनीर आणि शेंगदाण्यांवर पाळावी. निर्जळी उपवास करू नये. पुरणपोळी, जिलेबी, उसाचा रस यांनी बायपासवाल्यांना १०-३० मिनिटांत धडधड, घाम आणि जुलाब होतात, किंवा १ ते ३ तासांनी साखर एकदम उतरून हातपाय कापतात. दारूचाही इथे उल्लेख हवा. बायपासनंतर ती रक्तात फार वेगाने चढते. अमेरिकेतल्या १० रुग्णालयांत झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारूच्या विकाराचं प्रमाण पहिल्या वर्षी नव्हे, दुसऱ्या वर्षी वाढलेलं आढळलं.

ज्याचं वजन पुन्हा चढतं तो गटात बोलायचं थांबवतो, मग येणं सोडतो. त्याला फोन जायला हवा आणि ‘किती वाढलं?’ हा पहिला प्रश्न नसावा. ३ दिवसांचं खाणं वेळेसकट लिहून आण, गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन ये, झोप किती होते ते सांग, असं म्हणावं. थायरॉइड, स्टेरॉइड किंवा मानसिक आजारावरची काही औषधं हेही कारण असू शकतं. कप्पा सैलावलेला असू शकतो किंवा वेगळ्या केलेल्या जठरात पुन्हा वाट फुटलेली असू शकते. एंडोस्कोपी आणि बेरियमच्या तपासणीत ते दिसतं. सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी औषधं ऑपरेशननंतरही देता येतात, निवडक रुग्णांत ऑपरेशन सुधारून पुन्हा करता येतं. गटातल्या त्याच्या जोडीदाराने सर्जनची वेळ घ्यावी आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर जावं.