मोठी डिस्क बसवली म्हणून पिकअप लवकर थांबत नाही

जुन्या डिझेल पिकअपला मोठ्या, भोकं पाडलेल्या ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) बसवल्या की ती कमी अंतरात थांबते, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं नाही. करकचून ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होत असतील तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे. पुढचं सगळं टायरच्या पकडीवर. मोठी डिस्क कामी येते ती भरल्या गाडीनं लांब उतार उतरताना, कारण ती जास्त उष्णता पचवते.

पेडल दगडासारखं लागतंय? डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपसूक मिळत नाही, म्हणून बूस्टरसाठी, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर पायाचा दाब वाढवणाऱ्या भागासाठी, वेगळा पंप असतो, बऱ्याचदा अल्टरनेटरच्याच मागे. आधी तो आणि त्याची नळी तपासा.

ब्रेक ऑइलही बदला. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येऊ शकते.

आणि मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकलेत? अनेक पिकअपमध्ये लोडनुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. पाटे वाढले की गाडी दबत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. तो पुन्हा सेट करावा लागतो. पाटे टाकणारा हे सहसा सांगत नाही.