पार्श्वभूमी : ज्वेलचं छिद्र आणि त्यात साचणारं काळं

नागपुरात सीताबर्डी, महाल किंवा इतवारीतल्या घड्याळजीसमोर एचएमटी जनता हे मनगटी घड्याळ ठेवलं की डायलवर ‘१७ ज्वेल्स’ आणि ‘पॅरा शॉक’ (धक्क्यापासून संरक्षण) हे शब्द दिसतात. ज्वेल म्हणजे यंत्रात झीज टाळायला बसवलेले माणकाचे खडे. १७ ज्वेलच्या नेहमीच्या मांडणीत आरपार छिद्र असलेले ज्वेल बाराच. बाकी पाचांत बॅलन्सच्या (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाच्या) दोन टोकांवरचे सपाट खडे, रोलरमधला (बॅलन्सच्या दांड्यावरच्या चकतीतला) एक आणि पॅलेट फोर्कचे (चाक अडवून सोडणाऱ्या काट्याचे) दोन. सर्व्हिसिंगचं खरं काम त्या बारा छिद्रांत आहे.

आधी पिव्हट, म्हणजे चाकाच्या दांड्याची बारीक टोकं, थेट पितळेच्या छिद्रात फिरायचे. पितळ झिजून छिद्र लांबट होई, चाक कलंडे, दात नीट जुळत नसत. खड्याला छिद्र पाडायची युक्ती निकोलस फॅशियो या स्विस गणितज्ञाची. लंडनमधल्या पीटर आणि जेकब डेबॉफ्र यांच्यासह त्याने १७०४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. मुदत वाढवून मागितली तेव्हा लंडनच्या घड्याळकार संघाने विरोध केला आणि इग्नेशियस हगफर्डचं एक जुनं घड्याळ पुरावा म्हणून पुढे केलं. त्यात खडा होता, म्हणून वाढ नाकारली गेली. पुढे ते घड्याळ तपासलं तर खडा फक्त शोभेचा निघाला, पिव्हटशी त्याचा संबंधच नव्हता. फॅशियोवर हा अन्यायच झाला. १९०२ मध्ये ऑग्युस्त व्हर्नॉय याने ज्वालेत कृत्रिम माणिक बनवण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हापासून खडा स्वस्त झाला आणि साध्या घड्याळातही बसू लागला.

माणकाची कठीणता मोह्‌स मापावर ९, पिव्हटच्या पोलादाची त्याहून बरीच कमी. म्हणून खडा आल्यावर झीज थांबली नाही, तिची जागा बदलली. तेल सुकून चिकट होतं, त्यात धूळ अडकते, आणि तो लेप पिव्हटला पॉलिश पेपरसारखा घासतो. भिंगाखाली पिव्हटवर बारीक खाच दिसली, तर ज्वेल कितीही चकचकीत असो, छिद्र बहुधा घाण होतं. जुनी तेलं प्राणिजन्य असत, लवकर आंबत आणि घट्ट होत. कृत्रिम तेलं आल्यावर सर्व्हिसिंगमधलं अंतर वाढलं. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा मात्र तेल पातळ होतं, आणि पृष्ठभागावर जुना थर असेल तर कडेने पसरून निघून जातं.

आपल्याकडे बराच काळ सफाई भागली ती पेट्रोलवर. सगळं पेट्रोलमध्ये बुडवायचं, ब्रश मारायचा, सुकवायचं. पितळ चमकतं, पण छिद्रातला कडक थर नुसत्या बुडवण्याने निघत नाही आणि पेट्रोल स्वतःही पातळ थर सोडतं. अल्ट्रासॉनिक मशीन त्याहून चांगलं, पण अनेक वर्षं पडून राहिलेल्या घड्याळात तेही पुरेसं नाही. तिथे पेगवूडच, म्हणजे छिद्र साफ करायची बारीक लाकडी काडीच लागते.

काडीचं टोक ब्लेडने लांब, सुईसारखं तासायचं. तेलाच्या वाटीकडून (ज्वेलच्या तेल धरणाऱ्या खोलगट बाजूकडून) छिद्रात घालून बोटांत तीन-चार वेळा फिरवायचं आणि बाहेर काढून पाहायचं. पहिल्यांदा टोक काळं-तपकिरी येतं. ते कापून टाकायचं, नवं तासायचं, पुन्हा फिरवायचं. मग दुसऱ्या बाजूने. टोक पांढरं येईपर्यंत थांबायचं नाही. हे धुण्याआधी करावं, म्हणजे लाकडाचे तंतू धुण्यात निघून जातात. टूथपिक वापरू नये. तिचं टोक फुटतं आणि तंतू आतच राहतो. बॅलन्सचं छिद्र साधारण ०.१ मिमीचं असतं, तिथे जोर लावला की टोक मोडतंच.

पॅलेटचे आणि रोलरचे खडे शेलॅकने चिकटवलेले असतात, आणि शेलॅक म्हणजे आपल्या पळस-कुसुमावर होणाऱ्या लाखेचंच शुद्ध रूप. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं. फोर्क किंवा बॅलन्स स्पिरिटमध्ये ठेवून चहाला गेलं तर खडा सुटून येतो. त्यांना बेंझिनमध्ये (पेट्रोलियमपासूनचं हलकं द्रावण, विषारी ‘बेंझीन’ नव्हे) थोडा वेळच धुवावं.

बॅलन्सच्या टोकावरचा सपाट खडा वेगळा काढून धुवायचा, तो जागेवर असताना छिद्र कधीच साफ होत नाही. परत बसवण्याआधी त्यावर तेलाचा थेंब ठेवायचा, खड्याच्या व्यासाच्या सुमारे दोन-तृतीयांश. खडा स्वच्छ असेल तर थेंब गोल राहतो. कडेला ओघळला तर पुन्हा धुवायचं.