रिकाम्या प्रोसेसरची झोप

चालवण्याजोगे एकही काम उरले नाही की ऑपरेटिंग सिस्टिमचा शेड्युलर, म्हणजे कामांच्या पाळ्या लावणारा भाग, त्या प्रोसेसर कोअरला (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागाला) थांबवतो आणि नवे काम येताच जागे करतो. या व्यवस्थेला आयडल व्यवस्थापन म्हणतात. लॅपटॉपचे झाकण मिटल्यावर सगळे यंत्र झोपी जाते, ती गोष्ट वेगळी. इथे एकेकटा कोअर झोपतो, तोही बहुधा काही मायक्रोसेकंद किंवा मिलिसेकंद, आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. भरभर टाइप करतानासुद्धा दोन अक्षरांच्या मधल्या वेळात कोअर कित्येकदा डुलकी काढून उठलेला असतो.

प्रोसेसरला आपणहून थांबणे ठाऊक नाही. एक सूचना संपली की तो पुढची उचलतो. त्यामुळे ‘काही करू नकोस’ हेही त्याला काम म्हणूनच द्यावे लागते. लिनक्समध्ये प्रत्येक कोअरसाठी असे एक आयडल टास्क असते. त्याची प्राथमिकता सर्वांत खालची, म्हणून दुसरे कोणीही तयार नसेल तेव्हाच त्याची पाळी येते. विंडोजच्या यादीत ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’पुढे नव्वदच्या वरचा आकडा पाहून अनेकजण घाबरतात. प्रत्यक्षात तो आकडा प्रोसेसर किती मोकळा आहे हेच सांगत असतो.

थांबण्याची सूचना जुनी आहे. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ मध्येही ‘हॉल्ट’ होती: इंटरप्ट, म्हणजे एखाद्या उपकरणाची किंवा टायमरची ‘इकडे लक्ष दे’ ही हाक, येईपर्यंत पुढची सूचना उचलायची नाही. तरी विंडोज ९५ रिकाम्या वेळी ती वापरत नसे, आणि प्रोसेसर थंड राहावा म्हणून लोक ती बाहेरून बसवणारे छोटे प्रोग्रॅम चालवत.

हॉल्ट वापरण्यात एक बारीक सापळा आहे. आयडल टास्क आधी ‘काही काम आले का’ ही खूण तपासते आणि नसेल तर हॉल्ट करते. समजा खूण तपासून झाली, हॉल्ट अजून व्हायचे आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी नेटवर्क कार्डाचा इंटरप्ट आला. इंटरप्टने काम रांगेत लावले, खूण उभी केली आणि तो परतला. आयडल टास्क मात्र जिथे होते तिथूनच पुढे निघते, म्हणजे थेट हॉल्टवर. काम दारात उभे असताना कोअर झोपी जातो आणि पुढचा कुठला तरी इंटरप्ट येईपर्यंत उठत नाही. यावर उपाय असा: खूण तपासण्यापूर्वी इंटरप्ट बंद करायचे आणि हॉल्टच्या अगदी अलीकडच्या सूचनेने ते सुरू करायचे. इंटेलच्या रचनेत इंटरप्ट सुरू करणारी सूचना एक सूचना उशिरा लागू होते, म्हणून ती आणि हॉल्ट यांच्यामध्ये कोणी घुसू शकत नाही. थांबलेला इंटरप्ट हॉल्ट होताच येतो आणि कोअरला उठवतो. या विषयातली सर्वांत देखणी युक्ती कोणती, तर माझ्या मते हीच.

झोपेच्या पायऱ्या १९९६ च्या एसीपीआय या वीज-व्यवस्थापनाच्या प्रमाणकाने ठरवून दिल्या. सी० म्हणजे जागा. सी१ पासून पुढे झोप गाढ होत जाते. आधी क्लॉक (कोअरची लय ठेवणारा संकेत) थांबतो, मग कॅशे (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) रिकामी होते, शेवटी कोअरचा वीजपुरवठाच तुटतो. जितकी गाढ झोप तितकी बचत जास्त, पण उठायला लागणारा वेळही जास्त, शिवाय झोपण्या-उठण्यातही ऊर्जा खर्च होते. लिनक्सच्या तक्त्यात इंटेलच्या स्कायलेक पिढीसाठी सी६ मधून उठायला ८५ मायक्रोसेकंद धरले आहेत, आणि किमान २०० मायक्रोसेकंद झोप मिळाली तरच ती परवडते. सी१० साठी हेच आकडे ८९० आणि ५,००० आहेत. गाढ झोपलेल्या कोअरची लगेच झोपमोड झाली, तर हलक्या डुलकीपेक्षाही जास्त वीज जाते.

म्हणजे झोपण्यापूर्वी भविष्याचा अंदाज बांधावा लागतो. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पुढचा टायमर कधी वाजणार हे ठाऊक असते. पुढचा नेटवर्क पॅकेट किंवा कळ दाबणारे बोट कधी येणार, हे ठाऊक नसते. लिनक्सच्या २.६.२४ आवृत्तीत, २००८ साली, आलेल्या सीपीयू-आयडल चौकटीत हा निर्णय ‘गव्हर्नर’ घेतो. त्यातला ‘मेनू’ गव्हर्नर पुढच्या टायमरबरोबर मागच्या आठ झोपा किती लांबीच्या होत्या हेही पाहतो.

पण अंदाज कितीही नेमका असला, तरी कर्नलच दर मिलिसेकंदाला ठोका देऊन उठवत असेल तर गाढ झोप मिळणार कुठून? पूर्वी हेच होत असे. वेळ मोजणारा टायमर सेकंदाला १०० ते १,००० वेळा वाजे, काम असो वा नसो. लिनक्स २.६.२१ ने २००७ मध्ये रिकाम्या कोअरवरचा हा ठोका बंद केला. त्याच वर्षी आलेल्या पॉवरटॉप या साधनाने पुढचे गुपित उघडले: आता झोपमोड करत होते ते अनुप्रयोग. काही घडले का हे पाहायला उगाच सेकंदाला अनेकदा उठणारे प्रोग्रॅम नावानिशी दिसू लागले आणि पटापट सुधारलेही गेले. जवळजवळच्या वेळांचे टायमर एकत्र वाजवले की झोपमोड आणखी कमी होते; विंडोज ७ मध्ये ही पद्धत आली.

बहुकोअर यंत्रात आणखी एक प्रश्न येतो: नवे काम कोणाला द्यायचे? झोपलेल्याला उठवावे, की जागा असलेल्याच्या रांगेत लावावे? उठवले तर काम लवकर सुरू होते. मात्र संपूर्ण चिपची सर्वांत गाढ झोप सगळे कोअर झोपल्यावरच लागते, त्यामुळे कामे चहूकडे पांगवली की ती दुरावते. उठवायचेच असेल तर लिनक्स अनेकदा हलक्या झोपेतला कोअर शोधतो. उठवण्याची हाकही स्वस्त करता येते. २००४ च्या प्रेस्कॉट पेंटियम ४ पासून झोपलेला कोअर मेमरीतल्या एका ठरावीक जागेवर लक्ष ठेवू शकतो. दुसऱ्या कोअरने तिथे खूण लिहिली की पुरे, वेगळा इंटरप्ट पाठवावा लागत नाही.

काही ठिकाणी झोप नकोच असते. थेट ध्वनिमुद्रणासारख्या कामात शे-दोनशे मायक्रोसेकंदांचा उशीरही खटकू शकतो, म्हणून प्रोग्रॅमला ‘इतक्यापेक्षा उशीर चालणार नाही’ असे कर्नलला कळवता येते, आणि गव्हर्नर त्याहून गाढ पायऱ्या बाजूला ठेवतो. आभासी यंत्रांत हॉल्ट केल्यावर ताबा सहसा खालच्या हायपरव्हायझरकडे (आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) जातो आणि ही येरझार महाग पडते. म्हणून २०१९ मध्ये लिनक्स ५.४ ने ‘हॉल्टपोल’ हा गव्हर्नर आणला: आभासी यंत्रातली पाहुणी प्रणाली आधी थोडा वेळ जागी राहून कामाची वाट पाहते, आणि काही आले नाही तरच हॉल्ट करते.