सीएमएस : अपग्रेड, विकसन आणि ट्यूनिंग

संकेतस्थळावरचा मजकूर, छायाचित्रे आणि पाने प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यालाही बदलता यावीत यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरला आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. हे नाव निविदांच्या कागदांत शोभते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात किंवा महाप्याच्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये सगळे ‘सीएमएस’च म्हणतात, आणि घाईत असले तर नुसते ‘वर्डप्रेस’. प्रणाली एकदा बसवून भागत नाही. तिची आवृत्ती वाढवणे म्हणजे अपग्रेड, तिच्यात गरजेनुसार भर घालणे म्हणजे विकसन आणि तिचा वेग ताळ्यावर आणणे म्हणजे ट्यूनिंग. करारात ही तीन कामे वेगवेगळ्या रकान्यांत लिहिली जातात, पण अपग्रेड सुखाने होणार की रात्र जागवणार, हे बहुधा विकसनाच्या वेळीच ठरून गेलेले असते.

प्रमुख प्रणाली

ड्रुपल ही बेल्जियन प्रोग्रॅमर ड्रीस बायटार्ट यांची प्रणाली २००१ साली खुली झाली. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी२’ या जुन्या सॉफ्टवेअरची फांदी काढून २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आणली. आज जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात. माम्बो या प्रणालीतून २००५ मध्ये फुटून निघालेल्या जूमलाचे नाव स्वाहिली ‘जुम्ला’वरून घेतले आहे. अर्थ, सगळे मिळून. शब्द मूळचा अरबी, आणि मराठी जमाखर्चातला ‘जुमला’ही त्याच घरचा. तिन्ही प्रणाली पीएचपी भाषेत लिहिलेल्या, मुक्त परवान्याच्या आणि सर्वसाधारणपणे मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसवर चालणाऱ्या आहेत.

अपग्रेड

किरकोळ आवृत्ती दुरुस्तीसाठी असते, मोठी आवृत्ती बदलासाठी. वर्डप्रेसने ऑक्टोबर २०१३ मधील ३.७ पासून किरकोळ अपडेट आपोआप चढवायला सुरुवात केली. सुरक्षेच्या अपडेटला दिरंगाई किती महागात पडते याचा दाखला ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ ने दिला. दुरुस्ती जाहीर झाल्यावर ७ तासांच्या आत ती न चढवलेले प्रत्येक संकेतस्थळ फोडले गेले आहे असे समजूनच चालावे, असे त्यांच्या सुरक्षा गटाला सांगावे लागले. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा घटनेची खबर ६ तासांत द्यावी लागते.

ड्रुपल ७ वरून ८ वर जाणे हे नावालाच अपग्रेड होते. ८ ची बांधणी सिम्फनी या चौकटीच्या घटकांवर नव्याने झाली असल्याने प्रत्यक्षात जुने घर सोडून सामानासकट नव्या घरात जावे लागले. अनेकांनी ते पुढे ढकलले. अखेर ५ जानेवारी २०२५ रोजी ड्रुपल ७ चा आधार थांबला.

खालच्या पीएचपीची आवृत्ती हा दुसरा खोडा. ७.० मध्ये डेटाबेसशी बोलण्याची जुनी ‘मायएसक्यूएल’ फंक्शने काढून टाकली गेली. ८.० मध्ये आणखी काही जुनी फंक्शने गेली आणि तुलनेचे नियमही बदलले. होस्टिंगवाल्याने पीएचपी वाढवली की बेवारस प्लगिन (प्रणालीला जोडलेला, पण आता कोणी न सांभाळणारा पूरक भाग) कोसळतो आणि ग्राहकाचा फोन येतो, ‘साइट पांढरी झाली’. म्हणून फाइल आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप, मग स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीपुरत्या प्रतीवर) चाचणी, मग लाइव्ह, हा क्रम. ‘बॅकअप घेतलास का?’ असे सगळे विचारतात. तो परत उतरवून पाहिलास का, हे विचारणारा विरळा.

मराठी मजकुराच्या गाठी

इंग्रजी मार्गदर्शिका जिथे एका ओळीत संपतात, तिथे मराठी संकेतस्थळाचे काम सुरू होते. जुन्या साइटवरचा मजकूर कधी श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटी सुरेखसारख्या युनिकोडपूर्व (प्रत्येक लिपीतल्या चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या आधीच्या) फॉन्टांतला असतो. डेटाबेसच्या दृष्टीने ती रोमन चिन्हांची खिचडीच असते, तेव्हा आधी रूपांतर आणि मग स्थलांतर. मजकूर युनिकोड असला तरी सुटका नाही. मायएसक्यूएलचा पूर्वापार डिफॉल्ट (वेगळे काही न निवडल्यास लागू होणारा) अक्षरसंकेत लॅटिन-१ हा होता. अशा तक्त्यांत युनिकोड मराठी भरलेली असते आणि साइट आणि डेटाबेसमधली जोडणीही लॅटिन-१ चीच असल्याने वर्षानुवर्षे नीट दिसते. नव्या सर्व्हरने जोडणी युटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची प्रचलित पद्धत) केली की ‘मराठी’च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरे येतात. तो रकाना थेट बदलला तर कचरा कायमचा होतो. आधी बायनरी (नुसते बाइट), मग युटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधले पूर्ण युटीएफ-८), असा दोन पायऱ्यांनीच तो उतरवावा लागतो.

पुढची गाठ मोजणीची. ‘ठाणे’ आपल्याला दोन अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये ते चार चिन्हांचे आणि युटीएफ-८ मध्ये १२ बाइटचे आहे. वर्डप्रेस विजेट (पानावरचे छोटे खाने) व थीमच्या (साइटच्या रूपाच्या) सेटिंग जतन करताना मजकुराशेजारी हा १२ आकडाही लिहून ठेवते. कोणी उत्साहाने थेट डेटाबेसमध्ये ‘ठाणे’च्या जागी ‘ठाणे शहर’ केले की आकडा आणि मजकूर जुळत नाहीत, आणि ती सेटिंग वाचलीच जात नाही. म्हणूनच डोमेन बदलतानाही साधी शोधा-बदला क्वेरी न वापरता वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाने बदल करतात. ते आकडेही दुरुस्त करते.

पानाच्या पत्त्याची तऱ्हा आणखी वेगळी. पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्ह ९ रोमन चिन्हांत लिहिले जाते आणि वर्डप्रेसच्या तक्त्यात या तुकड्याला २०० चीच जागा असते. म्हणजे जेमतेम २२ चिन्हे. ‘नवी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीची तारीख’ या मथळ्याचा पत्ता ‘नवी-मुंबई-महापालिकेच्या’ इथेच तुटतो. एकाच सुरुवातीच्या दहा बातम्या आल्या की शेवटी २, ३, ४ असे आकडे चिकटत जातात आणि कोणता पत्ता कशाचा हे संपादकालाही कळेनासे होते. रोमन लिपीतला छोटा पत्ता हाताने देणे हाच त्यावर उपाय. मराठी पत्त्याचा अभिमान मान्य, पण व्हॉट्सअॅपवर चिकटवला की टक्केचिन्हांची माळच पुढे जाते.

शोधातही अशीच मेख आहे. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, साइटच्या शोधाला मात्र वेगळे. स्थलांतराच्या वेळीच सगळे एका रूपात आणले नाही तर निम्म्या बातम्या शोधात सापडत नाहीत.

विकसन

पहिला नियम एकच : कोअरला, म्हणजे प्रणालीच्या मूळ कोडला, हात लावायचा नाही. वर्डप्रेसने ठिकठिकाणी ‘हुक’ ठेवलेले आहेत. आपला कोड तिथे अडकवायचा. समजा, तारखांचे आकडे देवनागरीत हवे आहेत. मूळ फाइलमध्ये बदल केला तर पुढच्या अपडेटला तो पुसला जाईल. तारखेच्या फिल्टरला (हा हुकचाच एक प्रकार) चार-पाच ओळींचे फंक्शन जोडले तर टिकेल. इथेही एक खाच आहे. वाचकासाठीची तारीख आणि शोधयंत्रांसाठीची यंत्रवाचनीय तारीख एकाच फिल्टरमधून जातात. स्वरूप न तपासता सरसकट आकडे बदलले तर यंत्राला ‘२०२५’ वाचता येत नाही. थीममधले बदल चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या थीममध्ये), कामकाजाचा भाग वेगळ्या प्लगिनमध्ये आणि सगळा कोड गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साधनात), ही बाकीची शिस्त. स्वस्तात काम करणारा थीमच्या फाइलमध्येच सारे कोंबून जातो. तीन वर्षांनी तो फोन उचलत नाही, आणि थीम अपडेट करायला कोणी धजावत नाही.

ट्यूनिंग

मोजल्याशिवाय हात घालू नये. गूगलच्या निकषांनुसार पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, क्लिकला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि मांडणीच्या हलण्याचा गुणांक ०.१ च्या आत राहावा. सर्व्हरच्या बाजूला तयार पाने जपणारी पेज कॅशे, पीएचपी ५.५ पासून सोबत येणारी, भाषांतरित कोड जपणारी ऑपकॅशे आणि डेटाबेसमधून आणलेली माहिती जपणारी रेडिससारखी ऑब्जेक्ट कॅशे, हे तीन थर. पण कॅशे म्हणजे वाटेल त्या दुखण्यावर बाम नव्हे. वर्डप्रेसचा सेटिंग ठेवणारा ‘ऑप्शन्स’ तक्ता पाहावा. काढून टाकलेल्या प्लगिनांनी मागे सोडलेल्या सेटिंगही, ऑटोलोडवर (आपोआप चढण्यावर) असल्या तर, प्रत्येक पानासोबत मेमरीत चढतात. नोंदींची जादा माहिती ठेवणाऱ्या पोस्टमेटा तक्त्यात मूल्याच्या रकान्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नसतो, त्यामुळे ‘घोडबंदर रोडवरचे दोन बेडरूमचे फ्लॅट’ अशी छाननी तिथे करणारी मालमत्तांची साइट नोंदी वाढतील तशी रांगत जाते. अशा माहितीला स्वतंत्र तक्ताच हवा.

देवनागरी फॉन्ट जोडाक्षरांमुळे लॅटिनहून जड असतात. चार वजनांऐवजी (अक्षराच्या जाडीच्या प्रकारांऐवजी) दोनच ठेवली तरी मोबाइलवर फरक दिसतो.

ठाणे–नवी मुंबईतील स्थिती

ऐरोली, रबाळे आणि महापे या ठाणे–बेलापूर पट्ट्यात मोठी डेटा सेंटर उभी आहेत, तरी नौपाड्यातल्या क्लासची किंवा वाशीच्या बाजारातल्या व्यापाऱ्याची साइट बरेचदा अमेरिकेतल्या स्वस्त शेअर्ड (अनेक साइट एकाच सर्व्हरवर ठेवणाऱ्या) होस्टिंगवर असते. तिथे जाऊन येणाऱ्या प्रत्येक फेरीला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. खाडीपलीकडच्या सर्व्हरला हा वेळ नगण्य.

स्थानिक बातम्यांच्या साइटवर ताण पडण्याचे दिवस ठरलेले : सिडकोच्या घरांची सोडत, दहावी-बारावीचे निकाल, ठाण्यातली दहीहंडी. दहीहंडीच्या संध्याकाळी नवव्या थराची बातमी दर पाच मिनिटांनी बदलते आणि प्रत्येक बदलाला संपूर्ण कॅशे उडवणारी साइट नेमकी तेव्हाच बसते. कॅशेतून तेवढेच पान आणि मुखपृष्ठ उडवण्याची सोय आधी करून ठेवलेली साइट त्या गर्दीतही उभी राहते. जाणती मंडळी या कामाची तालीम श्रावण लागण्यापूर्वी स्टेजिंगवर उरकतात, आणि गोकुळाष्टमीच्या आठवड्यात लाइव्हवर एकही प्लगिन अपडेट करत नाहीत. त्यातून सुरक्षेचा अपडेट तेवढा वगळलेला.