वॅटेज न छापलेल्या रेझिस्टरची शक्तिक्षमता ठरवणे

रेझिस्टर विशिष्ट तापमानाच्या परिसरात, स्वतः खराब न होता, सतत जेवढी विद्युतशक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकू शकतो, तेवढी त्याची शक्तिक्षमता अर्थात वॅटेज होय. रंगपट्ट्यांवरून ओहममधील मूल्य व टॉलरन्स (त्या मूल्यात किती टक्के फरक असू शकतो ते) कळतो, वॅटेज कळत नाही. मल्टिमीटरनेही ते मोजता येत नाही. सिमेंटच्या पांढऱ्या चौकोनी रेझिस्टरवर ते बहुधा छापलेले असते. लहान कार्बन फिल्म व मेटल फिल्म रेझिस्टरवर मात्र काहीच नसते, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत 'पाव वॅट', 'अर्धा वॅट' असे मागून घेतलेले सुटे नग घरच्या डब्यात एकदा मिसळले की ते आकारावरूनच ओळखावे लागतात.

तारा सोडून केवळ अंगाची लांबी व जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. नेहमीच्या कार्बन फिल्म प्रकारात पाव वॅटचा रेझिस्टर सुमारे ६ मिमी लांब व २.३ मिमी जाड, अर्ध्या वॅटचा सुमारे ९ मिमी लांब व ३ मिमी जाड, एक वॅटचा ११ ते १२ मिमी, तर दोन वॅटचा सुमारे १५ मिमी लांब असतो. मात्र काही मेटल फिल्म रेझिस्टर पाव वॅटच्या आकारात अर्धा वॅट सोसतात, त्यामुळे उत्पादक माहीत नसेल तर कमी असलेला अंदाजच खरा धरणे शहाणपणाचे ठरते. पृष्ठभागावर बसणाऱ्या चिप रेझिस्टरमध्ये ०८०५ या सांकेतिक क्रमांकाच्या आकाराला सामान्यतः १/८ वॅट आणि १२०६ आकाराला १/४ वॅट धरतात.

जळालेला रेझिस्टर बदलताना केवळ जुन्याचा आकार पाहून भागत नाही, कारण मूळ रचनाकारानेच तो अपुरा निवडलेला असू शकतो. त्याच्यावर किती शक्ती खर्च होते ते काढणे हाच भरवशाचा मार्ग आहे. व्होल्टेजच्या वर्गाला ओहमने भागले की वॅट मिळतात: २२० ओहमच्या रेझिस्टरवर १२ व्होल्ट पडत असतील, तर १४४ भागिले २२० म्हणजे सुमारे ०.६५ वॅट. येथे एक वॅटचा नग हिशेबात बसतो, पण तो बराच तापतो. खर्चाच्या किमान दुप्पट क्षमता ठेवायची या रिवाजाप्रमाणे दोन वॅटचा घेणे योग्य.

ही दुप्पट अनाठायी नाही. फिल्म रेझिस्टरचे वॅटेज बहुधा ७० अंश सेल्सिअसच्या परिसरासाठी दिलेले असते आणि त्यापुढे ते सरळ रेषेत घटत जाऊन अनेक प्रकारांत १५५ अंशांना शून्य होते. त्या हिशेबाने १०० अंशांच्या परिसरात पाव वॅटच्या रेझिस्टरला जेमतेम ०.१६ वॅट झेपतात. चैत्र-वैशाखात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ट्रान्सफॉर्मरशेजारी कोंडलेल्या, झरोके नसलेल्या डब्यातील हवा याहूनही बरीच तापलेली असते, हे निवडीच्या वेळीच ध्यानात घ्यावे.

व्होल्टेजची मर्यादा वेगळी तपासावी लागते. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर थेट जोडलेल्या १ मेगाओहमच्या रेझिस्टरमध्ये अवघे ०.०५ वॅट खर्च होतात, तरी पाव वॅटच्या नगाची मर्यादा बहुधा २५० व्होल्ट, म्हणजे पुरवठ्याच्या अगदी जवळ असल्याने तेथे निम्म्या मूल्याचे दोन रेझिस्टर एकसर जोडणे अधिक सुरक्षित असते. मोठे वॅटेज मात्र सरसकट चालत नाही: दोष उद्भवल्यास फ्यूजप्रमाणे तुटून प्रवाह थांबवणारा फ्युजिबल रेझिस्टर असेल, तर त्याच प्रकारचा व त्याच क्षमतेचा नगच बसवावा.