पिशवी वाचवणारा टाका

सिझेरियनमध्ये बाळ बाहेर आलं, वारही (प्लासेंटा) निघाली, की डॉक्टर आधी पिशवी, म्हणजे गर्भाशय, हाताने चाचपून पाहतात. ती कडक लागली पाहिजे. नवव्या महिन्यात गर्भाशयाकडे मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जात असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि भोवतीचे एकमेकांत गुंतलेले स्नायूच त्यांना आवळून बंद करतात. स्नायू आखडलेच नाहीत, तर काही मिनिटांत बाईच्या जिवावर बेतू शकतं.

बहुतेकदा पिशवी आखडवणारं ऑक्सिटोसिन आणि त्याच्या जोडीच्या औषधांवर निभावतं. क्वचित एखादी पिशवी कशालाच दाद देत नाही. मग मोठ्या रक्तवाहिन्या बांधायच्या, नाहीतर पिशवीच काढायची. १९८९ साली इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला एका बाईने पिशवी काढू द्यायला नकार दिला. मूळचे सिएरा लिओनचे डॉ. ख्रिस्तोफर बी-लिंच यांनी तेव्हा वेगळाच टाका घातला. १९९७ मध्ये अशा पाच जणींची माहिती छापून आली आणि टाका त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

विरघळणारा लांब दोरा सिझेरियनच्या छेदाजवळून निघतो, पिशवीच्या माथ्यावरून मागे जातो, तिथे आडवा टाका घेऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा पुढे येतो. सहायक दोन्ही हातांनी पिशवी दाबून धरतो आणि तशातच गाठ मारतात. पँटच्या गॅलिससारखे दोन पट्टे पिशवीला आवळून धरतात. स्नायूंचं काम दोरा करतो.

मला टाक्याहून हुशारीची वाटते ती त्याआधीची चाचणी. पिशवी पोटातून उचलून दोन्ही हातांनी दाबायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने खाली योनीमार्गात रक्तस्राव थांबतो का ते पाहायचं. थांबला, तर टाका लागू पडण्याची शक्यता चांगली. ना यंत्र, ना खर्च!

वार पिशवीच्या खालच्या भागात स्नायूंत रुतलेली असेल, तर मात्र या टाक्यावर विसंबता येत नाही. ते दुखणंच वेगळं. आणि टाका घालूनही रक्त थांबत नसेल, तर पिशवी काढण्याचा निर्णय लांबवणं धोक्याचं.

दोरा काही आठवड्यांत विरतो. त्यानंतर पुन्हा दिवस जाऊन सुखरूप बाळंत झालेल्या बायकांच्या नोंदी आहेत. मात्र टाक्याचा उल्लेख डिस्चार्ज कार्डावर आहे ना, हे घरी जाण्याआधीच पाहून घ्यावं. पुढच्या खेपेला डॉक्टरांना तो कागद लागतो.